लख्ख मिस्त्रीची बोटं

लख्ख मिस्त्रीला खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. आई होती तोवर ती मारायची. बाकी साऱ्या गॅरेजवाल्यांना तो लख्ख मिस्त्री म्हणूनच ठाऊक होता, कारण काम झालं की हेड उजेडाकडे धरून तो एकच शब्द बोलायचा, ‘‘लख्ख!’’ त्यानंतर कुणी शंका काढलेली त्याला खपायची नाही.

हेड म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं जड धातूचं झाकण. त्याच्या पोटात वाकडेतिकडे बोगदे असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. एकातून हवा आत जाते, दुसऱ्यातून धूर बाहेर पडतो. ओतीव काम असल्यामुळे हे बोगदे आतून खडबडीत असतात, आणि इंजिन जुनं झालं की त्यात काजळीचे थर बसतात. ते खरवडून, वळणं सारखी करून, आतून घासून पॉलिश करायचं हा मिस्त्रीचा धंदा. ‘‘पॉलिश म्हणजे नुसता आरसा नव्हे,’’ तो सांगायचा. ‘‘हवेच्या वाटेला जराशी खरखर ठेवायची. धुराची वाट मात्र अशी करायची, की काजळीनं बसायला जागा मागितली तरी मिळू नये.’’

भिंतीवरच्या फळीला त्याची हत्यारं ओळीनं टांगलेली असत. हवेच्या दाबावर फिरणारे ग्राइंडर, त्यांच्या तोंडाला बसवायचे कटर, कुणी बोरासारखा गोल, कुणी ज्योतीसारखा निमुळता. खरखरीत पॉलिश कापडाचे पंखे. नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, बोळे. बिडाला बारीक दातांचा कटर आणि अॅल्युमिनियमला मोकळ्या दातांचा, त्यालाही मधूनमधून मेणबत्ती चोळायची, नाहीतर मऊ धातू दातांत अडकून कटर फुकट जातो. पण खरं हत्यार त्याच्या मते फळीवर नव्हतंच. डोळे मिटून तो पोर्टमध्ये बोट घालायचा, सावकाश फिरवायचा, आणि केसाएवढा उंचवटाही त्याला कळायचा. ‘‘डोळे लबाड असतात,’’ तो म्हणायचा. ‘‘बोट खोटं बोलत नाही.’’

तेच बोट एक दिवस गप्प झालं.

सुरुवात थंडीतल्या सकाळी झाली. बोटांची टोकं खडूसारखी पांढरी पडायची, मुंग्या यायच्या. मिस्त्री ती काखेत धरायचा, चहाच्या कपाला लावायचा, जरा वेळानं रंग परत यायचा. मग ऊन असतानाही तसं व्हायला लागलं. मग सदऱ्याची बटणं हातातून निसटायला लागली. त्यानं गळ्यातून घालायचे सदरे आणले आणि बायकोला सांगितलं, ‘‘कामाला हे बरे पडतात.’’ चहाचा कप सुटून फुटला तेव्हा तो कपावरच चिडला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मिस्त्रीनं ती चांगली खिशात झाकून ठेवली. आयुष्यभर थरथरणारा ग्राइंडर धरून हाताच्या नसा मेल्या, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच्या उस्तादाची बोटंही अशीच झाली होती. पण उस्ताद म्हातारा होता आणि आपण नाही, एवढ्यावर तो मनाची समजूत घालायचा.

याच सुमारास त्याची धाकटी बहीण घरी राहायला आली. ती कवळ्या बनवायची. जिथे काम करायची ती प्रयोगशाळा दुसऱ्या शहरात गेली आणि हिनं जायला नकार दिला. नवऱ्यापासून ती कधीच वेगळी झाली होती, मूलबाळ नव्हतं. मिस्त्रीची बायको स्वतः जाऊन तिचं सामान घेऊन आली. ‘‘मागची खोली तुमचीच आहे,’’ ती म्हणाली. ‘‘आणि मला बोलायला माणूस हवंय. तुमचा भाऊ घरात आला की मुका होतो.’’

धाकटी काही दिवसांतच दुपारचा डबा घेऊन वर्कशॉपमध्ये जायला लागली. पहिल्यांदा गेली तेव्हा फळीसमोर उभी राहून हसायलाच लागली.

‘‘काय झालं?’’ मिस्त्रीनं विचारलं.

‘‘अरे दादा, ही तर माझीच हत्यारं! हा कटर, हा पंखा, हे नमद्याचे बोळे. माझ्या पेटीत हेच आहे. फक्त माझी लेकरं, तुझी त्यांचे आजोबा.’’

मिस्त्रीला ते झोंबलं. ‘‘दात आणि हेड एक होय?’’

‘‘एक कसं होईल? तुझं गिऱ्हाईक ओरडत नाही. माझ्या कवळीत कणभर उंचवटा राहिला तर माणूस जेवताना मला शिव्या घालतो.’’

‘‘माझ्या हेडमध्ये राहिला तर इंजिन घालतं,’’ मिस्त्री म्हणाला, आणि डबा उघडून बसला. पण मनातल्या मनात त्याला हसू आलं होतं.

थोड्या दिवसांनी नावाडी आला. शहराच्या कडेनं नदी जायची आणि पलीकडच्या काठावरच्या माणसांना तो आपल्या मोटारबोटीनं ने-आण करायचा. पूल होता, पण लांबचा वळसा होता. बोटीचं इंजिन इतकं जुनं होतं की ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली होती. इंजिन काळा धूर ओकायला लागलं, म्हणून त्यानं हेड उतरवून हातगाडीवर घालून आणलं होतं.

‘‘मिस्त्री, याला जपा,’’ तो म्हणाला. ‘‘याला भाऊ नाही. हे गेलं तर मी गेलो.’’

‘‘माझ्याकडे आणलंयस ना? मग झोप निवांत.’’

हेड बिडाचं होतं, जड आणि काजळीनं भरलेलं. मिस्त्रीनं ते फार मन लावून केलं. धुराच्या पोर्टमध्ये आत एक अवघड वळण होतं, तिथे कटर दिसत नाही. तिथे बोटावरच भिस्त. दुपारी धाकटी डबा घेऊन आली तेव्हा त्यानं नुकताच ग्राइंडर खाली ठेवला होता. दातांवरची ती थट्टा त्याच्या मनात अजून होती.

‘‘ये इकडे,’’ तो म्हणाला. ‘‘घाल बोट. आणि सांग, तुझ्या कवळीत इतकी सफाई असते का.’’

धाकटीनं हात पुसले, डोळे मिटले आणि बोट आत घातलं. ‘‘सुरेख आहे रे,’’ ती म्हणाली. बोट पुढे सरकलं आणि थांबलं. ‘‘दादा, इथे काय आहे?’’

‘‘कुठे?’’

‘‘वळणाच्या आतल्या अंगाला. कड लागतेय. भोक असतं का इथे?’’

‘‘तिथे कसलं आलंय भोक!’’ मिस्त्री हसला. त्यानं स्वतःचं बोट घातलं आणि फिरवलं. त्याला काहीच लागलं नाही. पुन्हा फिरवलं. पुन्हा काही नाही. बोट धातूवर आहे की हवेत, हेसुद्धा त्याला सांगता आलं नसतं.

धाकटीनं पर्समधून दातवाल्यांचा छोटा आरसा काढला, दांड्याच्या टोकाला बसवलेला. तो आत धरून तिनं बॅटरी मारली. वळणावर तिळाएवढं काळं भोक होतं. त्या भिंतीपलीकडे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट असते. कटरनं भिंत खाल्ली होती, आणि हातात तो असूनही मिस्त्रीला पत्ता लागला नव्हता.

तो स्टुलावर बसला. डबा तसाच राहिला.

‘‘दादा, हात दे,’’ धाकटी म्हणाली. तिनं त्याचा हात आपल्या हातांत घेतला. ‘‘तिकडे बघ. दाराकडे. आता सांग, मी काय करतेय?’’

‘‘हात धरलायस.’’

‘‘बरं. आता इकडे बघ.’’

मिस्त्रीनं पाहिलं. तिनं अंगठ्याचं नख त्याच्या बोटाच्या टोकात रुतवलं होतं, इतकं की तिथे लाल चंद्रकोर उमटली होती. तो त्या खुणेकडे बघत राहिला, आणि मग बहिणीसमोर, भर दुपारी, वर्कशॉपचं दार सताड उघडं असताना रडला.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि मग ती जी कडाडली, ती धाकटीलाही आवरेना. ‘‘हे गळ्यातले सदरे का आणले, मला कळलं नाही असं वाटलं तुम्हाला? कप फुटला तेव्हा मी तुमच्या हाताकडे बघत होते, कपाकडे नाही! वाट बघत होते, आज सांगाल, उद्या सांगाल. मी काय परकी आहे?’’

‘‘सांगून काय होणार होतं?’’ मिस्त्री पुटपुटला.

‘‘एक भोक कमी पडलं असतं,’’ बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी बोटं थंड पाण्यात बुडवून पाहिली, सुईनं टोचून पाहिली आणि साध्या शब्दांत सांगितलं. थरथरणारं हत्यार आता हातात धरायचं नाही. थांबलात तर जे उरलंय ते टिकेल, थोडं परतही येईल. नाही थांबलात तर उरलेलंही जाईल. मिस्त्रीनं मान डोलावली. परत येताना रस्त्यात तो एवढंच बोलला, ‘‘मग मी काय करायचं? गवत उपटू?’’

पण आधी नावाड्याला तोंड दाखवायचं होतं. बायको म्हणाली, मी येते. त्यानं नको म्हटलं आणि एकटाच नदीवर गेला. नावाडी बोटीच्या काठावर पाय सोडून दोर विणत बसला होता. मिस्त्रीला पाहून त्याचा चेहरा खुलला. ‘‘झालं?’’

‘‘झालं नाही. बिघडलं. माझ्या हातून बिघडलं.’’ मिस्त्रीनं हात पुढे केले. आडपडदा न ठेवता भोक, बोटं, सगळं सांगितलं.

नावाड्याचे हात दोरावर थांबले. ‘‘तुम्ही निवांत झोप म्हणाला होतात,’’ तो म्हणाला.

‘‘म्हणालो होतो.’’

‘‘सकाळी पलीकडची एक म्हातारी काठावर येऊन उभी राहिली. दवाखान्यात जायचं होतं तिला. म्हटलं, थोडे दिवस थांबा, लख्ख मिस्त्रीकडे दिलंय, म्हणजे झालंच समजा.’’ त्यानं दोर बाजूला टाकला. ‘‘शिव्या द्याव्यात तर तुम्ही स्वतःहून चालत आलात. आता काय करायचं ते तुम्हीच सांगा.’’

‘‘बुजवून देतो. बुजलं नाही तर तेही सांगायला मीच येईन.’’

भोक बुजवणं वेल्डिंगवाल्याचं काम. त्यानं हेड भट्टीत सगळीकडून सारखं तापवलं, लांब सळईनं त्या वळणात भर घातली आणि राखेत पुरून सावकाश निवू दिलं, कारण बीड घाईनं थंड झालं की तडकतं. भोक गेलं. पण त्याच्या जागी आत एक टेंगूळ आलं, करवंदाएवढं, दगडासारखं कडक. ते घासून पुन्हा भिंतीशी सपाट करायचं होतं, आणि एक फेरा जास्त झाला तर पुन्हा भोक.

‘‘शहरात हे करणारा दुसरा कोण आहे?’’ बायकोनं विचारलं.

‘‘स्टेशनमागे पैलवान आहे,’’ मिस्त्री म्हणाला. पैलवान म्हणजे दुसरा हेडवाला. दोघांचं वर्षानुवर्षं विळ्याभोपळ्याचं सख्य. ‘‘पण त्याच्या दारात जाण्यापेक्षा मी बोटीला वल्ही बांधून देईन.’’

‘‘मी करते,’’ धाकटी म्हणाली.

‘‘तू? हे दात नाहीत.’’

‘‘दात नाहीत म्हणूनच म्हणतेय. दात असते तर विचारलंही नसतं.’’

‘‘नाही म्हणजे नाही.’’

‘‘का नाही?’’ बायको मध्ये पडली. ‘‘भोक कुणाच्या बोटाला कळलं?’’

मिस्त्री उठून बाहेर गेला. दोघींना वाटलं, दुखावला. खरं तर त्याच्या मनात वेगळंच होतं. ग्राइंडर त्यानं तिच्या हातात दिला असता, पण त्या ग्राइंडरनं त्याचे हात खाल्ले होते. बहिणीचे हात त्याच्या तोंडी कसे द्यायचे?

तो वर्कशॉपमध्ये आला तो तिच्या हत्यारांच्या पेटीसकटच. दांडा, कटर, सगळं टेबलावर मांडून बघत बसला. धाकटी मागोमाग आली.

‘‘हे चालतं कसं?’’ त्यानं विचारलं. ‘‘मोटर कुठे असते याची?’’

‘‘वर टांगलेली. तिच्यातून ही लवचीक तार येते, तारेच्या टोकाला दांडा. हातात फक्त दांडा.’’

‘‘म्हणजे मोटरची थरथर छताला?’’

‘‘छताला कुठे बोटं असतात?’’

त्या दिवसापासून मिस्त्री बदलला. त्याला काम मिळालं होतं. त्यानं जुन्या पंपाची मोटर सोडवली आणि छताच्या तुळईला रबराच्या पट्ट्यांवर लटकवली. एका भंगारवाल्याकडून जाड लवचीक तार आणली. हातात धरायचा दांडा मात्र त्याच्या मनासारखा होईना. बारीक केला तर बोटं आवळून धरावा लागे, आणि आवळून धरलं की थरथर हाडात शिरते. तेव्हा धाकटीनं कवळीचं मेण कोमट पाण्यात मऊ केलं, दांड्यावर थापलं आणि मुठीत हलकं धरलं. मेणावर तिच्या हाताचा ठसा उमटला. मिस्त्रीनं त्याबरहुकूम लाकडी मूठ घडवली, आतून रबराची नळी घातली. कानस आणि करवत चालवायला बोटांच्या टोकांची गरज नव्हती, मनगटाचं भागत होतं.

‘‘आता धर,’’ तो म्हणाला.

तिनं धरलं. मोटर सुरू झाली. ‘‘पाखरू धरल्यासारखं वाटतंय,’’ ती म्हणाली.

पहिल्यांदा त्यानं तिला भंगारातल्या फुटक्या हेडवर हात बसवायला लावला. तिनं दोन हेडांची चाळण केली. कटर उसळायचा, घसरायचा. ‘‘दाबू नकोस,’’ मिस्त्री सांगायचा. ‘‘कटरला खायचं असतं तेव्हा तो खातो. त्याला भरवू नकोस.’’ त्याची बोटं मुकी झाली होती, पण कान शाबूत होते. कोपऱ्यात स्टुलावर बसून तो ओरडायचा, ‘‘आवाज जाड झाला! उचल! आता एका जागी थांबलीस! फिरव!’’

‘‘दादा, उंटावरून शेळ्या हाकू नकोस!’’

‘‘मग शेळीनं सरळ चालावं!’’

तिचा हात बसला. नावाड्याचं हेड टेबलावर चढलं तेव्हा बायकोही आली आणि दाराशी उभी राहिली. धाकटी थोडं घासायची, थांबायची, बोट घालायची, डोळे मिटून बघायची. मिस्त्री फक्त मान कलती करून ऐकत होता. एकदा त्यानं तोंड उघडलं तसं तिनंच मोटरचं पायाखालचं पेडल सोडलं. ‘‘पातळ झाला आवाज,’’ दोघं एकदमच म्हणाले. टेंगूळ भिंतीला मिळालं होतं. कटर काढून तिनं पॉलिश कापडाचा पंखा लावला, मग बारीक कापड, मग नमद्याचा बोळा.

शेवटी हेडची पाण्याची वाट सगळीकडून बंद केली, आत हवेचा दाब दिला आणि हेड गरम पाण्याच्या हौदात सोडलं. भिंतीत कुठे छिद्र असेल तर बुडबुडे येतात. तिघं हौदावर वाकले. एक बुडबुडा आला.

‘‘तो बोल्टाच्या खाचेतला,’’ मिस्त्री म्हणाला. ‘‘अडकलेली हवा आहे. थांब.’’

थांबले. पाणी शांत राहिलं. बायकोनं पदरानं तोंड पुसलं, का कोण जाणे, तिच्या तोंडावर तर काहीच उडालं नव्हतं.

बोट चालू झाली. धूर काळ्याचा फिका झाला. नावाड्यानं तिघांना पलीकडे नेऊन परत आणलं आणि वाटेत धाकटीला म्हणाला, ‘‘बाई, माझी दाढ दुखतेय कधीची. तेवढीही बघाल का?’’ ती म्हणाली, ‘‘आधी इंजिनात बसवा, मग बघते.’’

पुढचं सगळं सोपं गेलं असं नाही. काही गॅरेजवाल्यांनी हेडं द्यायची बंद केली. एकानं तोंडावर विचारलं, ‘‘मिस्त्री, बाई करणार असेल तर सांगा.’’ मिस्त्री म्हणाला, ‘‘बाईच करणार आहे. न्यायचं असेल तर ने.’’ त्यानं नेलं. धाकटीच्याही हातून चुका झाल्या. एका अॅल्युमिनियमच्या हेडला मेण लावायला विसरली आणि मिस्त्रीचा आवडता कटर मोडला. त्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, बायकोमार्फत मीठ मागत राहिले. रागाच्या भरात कधी मिस्त्री फळीवरचा जुना ग्राइंडर उतरवायचा, जरा हातात धरायचा आणि परत टांगायचा. डॉक्टर म्हणाले होते तसं थोडं परत आलं. गरम आणि थंड कळायला लागलं. सुईत दोरा ओवणं मात्र जमलं नाही ते नाहीच.

पण दांडे बनवण्यात तो रमला. लांब दांडा, आखूड दांडा, कोपऱ्यात वळणारा दांडा, पॉलिश कापड अडकवायला टोकाशी चीर पाडलेली काडी. धाकटी वापरून बघायची, नावं ठेवायची, तो पुन्हा करायचा. एक-दोन गॅरेजवाल्यांनी असा एखादा आम्हालाही द्या म्हटलं. मग त्याचं नाव होत गेलं.

आणि एका संध्याकाळी पैलवान दारात उभा राहिला.

धाकटी त्याला ओळखत नव्हती. तिनं विचारलं, ‘‘हेड आणलंय का?’’ पैलवान उंबऱ्यातच थांबला. एवढा आडवा माणूस, पण पाहुणा चुकीच्या घरात शिरल्यासारखा उभा होता. मिस्त्रीनं मूठ घासता घासता मान वर केली आणि कानस थांबवली.

‘‘काय काढलंस?’’

‘‘काही नाही. इकडून चाललो होतो.’’

‘‘स्टेशनमागून इकडे कुणी चालत नाही.’’

पैलवाननं खिशातले हात बाहेर काढले. दिव्याखाली त्याची बोटं मेणासारखी पांढरी दिसली. ‘‘ऐकलं की तू काहीतरी बनवतोस,’’ तो म्हणाला. ‘‘पोरीच्या लग्नात हार घालताना हातातून पडला. लोक हसले. मीही हसलो.’’

मिस्त्री उठला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं पैलवानचे हात धरून नीट पाहिले. ‘‘दुसऱ्या बोटापासून सुरू झालं?’’

‘‘तिसऱ्या.’’

‘‘घरी सांगितलंस?’’

पैलवाननं मान हलवली. नाही.

‘‘दांडा देईन मी,’’ मिस्त्री म्हणाला. ‘‘पण आधी डॉक्टरकडे जायचं. आणि त्याच्याही आधी घरी सांगायचं. बायकोला. आज.’’

‘‘ती मला फाडून खाईल.’’

‘‘खाईल,’’ मिस्त्री म्हणाला. ‘‘बस. चहा घे, मग जा.’’

त्यानं स्टूल पुढे ढकललं. पैलवान बसला आणि दोघं कुठलं बोट किती गेलंय ते एकमेकांना दाखवायला लागले, शाळेतली मुलं खरचटलेले गुडघे दाखवतात तसे. धाकटी म्हणाली, ‘‘जरा बाजूला सरका दोघं, माझा उजेड अडतोय,’’ आणि तिनं मोटर सुरू केली.